पोराला पोच येते कशी?

किल्लारीकर बंधू-भगिनींनो, आणि दाराशी उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो,

पुढच्या दोन रांगा अजून रिकाम्या आहेत. या, आत येऊन बसा. ही नुसती बसण्याची सूचना नाही, आजचा विषय इथूनच सुरू होतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावी ग्रामसभेच्या दिवशी जाऊन पाहावं. सरपंच आणि ग्रामसेवक खुर्चीवर, जाणती मंडळी भिंतीला टेकून, बाया एका कोपऱ्यात, आणि सतरा-अठरा वर्षांची पोरं बाहेर मोटारसायकलला टेकून. आतलं बोलणं त्यांना ऐकू येतं, पण त्यात आपल्यासाठी काही आहे असं त्यांना वाटत नाही. आणि जी मजुराची, ऊसतोड कामगाराची, तांड्यावरची, गावकुसाजवळच्या वस्तीची पोरं आहेत, ती मोटारसायकलीपर्यंतही येत नाहीत. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

गावातली मोठी माणसं या पोरांबद्दल एक वाक्य नेहमी बोलतात: ‘त्याला अजून पोच नाही.’ पोच म्हणजे समज, चार माणसांत वागण्याची जाण. आणि पोच या शब्दाचा दुसरा अर्थ ग्रामपंचायतीच्या कचेरीत सापडतो. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एक तिथं द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. त्यालाही आपण पोचच म्हणतो. या दोन पोचांचा एकमेकींशी काही संबंध आहे का? आज तेवढाच एक प्रश्न घेऊ.

परवा 30 सप्टेंबर. या गावात ही तारीख कुणी कुणाला सांगावी लागत नाही. 1993 साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं भुईसपाट झाली. सुमारे 8,000 माणसं गेली, त्याच्या दुपटीच्या आसपास जखमी झाली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं त्या पहाटे अंगावर आली.

लष्कर आलं, डॉक्टर आले, देशभरातून मदत आली. पण त्याआधीचे काही तास? कुठलाही मोठा भूकंप घ्या, पहिले हात शेजाऱ्याचे असतात. आदल्या रात्री ज्या पोरांनी गणपतीचा गाडा ओढला, त्यांनीच सकाळी हातांनी दगड उपसले. तेव्हा त्यांना पोच आहे का, असं कुणी विचारलं नाही. ज्यांच्या वाट्याला त्या दिवशी इतकं जड काम आलं, त्यांना गावाच्या कामातलं काही कळत नाही असं आपण नंतरच्या वर्षांत कसं म्हणू लागलो?

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ती भूकंपाखाली झाकली गेली. 24 एप्रिल 1993 रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. म्हणजे दिल्लीत गावाच्या हाती कारभार देण्याचा निर्णय झाला आणि पाचच महिन्यांत इथली गावंच जमीनदोस्त झाली. ज्यांना नवा अधिकार मिळाला त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, पुढच्या चार-पाच वर्षांत या भागानं लोकसहभागाचा एक धडा घालून दिला. तो आज इथं नीट आठवायला हवा.

पुनर्वसनाचं काम दोन प्रकारचं होतं. पार उद्ध्वस्त झालेली गावं दुसरीकडे नव्यानं वसवायची. तिथं भूमिहीनाला आणि अगदी थोड्या जमिनीच्या मालकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, सात हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्याला 750 चौरस फुटांचं घर, असा हिशेब लागला. जुन्या गावातली उतरंड नव्या गावाच्या आराखड्यात चौरस फुटांच्या मापानं उतरली. ते योग्य की अयोग्य, याची चर्चा गावोगाव झाली. ती करणाऱ्यांत शाळकरी पोरं नव्हती, हे मात्र खरं.

दुसरं काम होतं तडे गेलेली घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करण्याचं. अशी घरं सुमारे दोन लाख होती. मालकानं स्वतः बांधायचं, सरकार हप्त्यानं पैसे देणार, अभियंता तपासणार. योजना चांगली होती, पण कागदावरची योजना उंबऱ्यापर्यंत कोण नेणार? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला सरकारनं या कामी घेतलं आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ उभ्या राहिल्या.

हे काम कसं चालायचं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, कचेरीची पायरी न चढलेली बाई. तिला आधी कळून घ्यावं लागलं की भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती कमी का करायची, लाकडी खांबाला तिरपा आधार कशासाठी. मग ती घरोघर जाऊन ते सांगू लागली. मग गवंड्याला विचारू लागली. मग हप्ता का अडला म्हणून अभियंत्याला विचारू लागली. बाई आधी धीट झाली आणि मग कामाला लागली, असं झालं नाही. काम हातात आलं, काम कळलं, कामाबद्दल विचारायचा हक्क मिळाला आणि त्यातून धीर आला. 2001 साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बाया तिकडच्या बायांना आधार द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. कच्छमधल्या बाईचा हात हातात घेऊन आपल्या मोडक्या हिंदीत बोलणारी लातूरकडची बाई, हे दृश्य शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

आता प्रश्न असा की आईला जे भूकंपानं शिकवलं, ते लेकराला भूकंपाशिवाय शिकवता येईल का? आणि येत असेल, तर कधी? कोणत्या वेळी?

उत्तर घड्याळातच आहे. जिल्हा परिषदेची शाळा पाचच्या सुमारास सुटते. त्यानंतर अंधार पडेपर्यंत दोन तास उरतात. या दोन तासांचं काय होतं, यावर आपल्या जिल्ह्यात पोराचं भवितव्य ठरतं. लातूर शहरात त्या दोन तासांना मोल आलं आहे. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्ननं या जिल्ह्याचं नाव राज्यभर नेलं, हजारो घरांत डॉक्टर-इंजिनिअर झाले. त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्या पॅटर्नमधली संध्याकाळ पैसे भरून मिळते. ज्याच्याकडे ट्यूशनचे पैसे आहेत त्याची संध्याकाळ भरलेली, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची रिकामी. रिकामी तरी कशी म्हणावी? मुलगी पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेते, भाकरी थापते. मुलगा शेरडं वळून आणतो, टपरीवर कप धुतो. शाळा सगळ्यांना सारखी आहे असं आपण म्हणतो. संध्याकाळ सगळ्यांना सारखी नाही.

ही संध्याकाळ ओळखणारी माणसं आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली. 1855 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस मालकाचा होता. 1924 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झालं. किल्लारीहून सोलापूर काही लांब नाही. त्या सभेच्या कामात वसतिगृहाबरोबर वाचनालय होतं, हॉकीचा संघ होता, आणि वसतिगृहातल्या मुलांचं स्वतःचं मासिक होतं. थोडं थांबून विचार करा. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी नव्हतं त्या मुलांच्या हाती शंभर वर्षांपूर्वी हॉकीची काठी आणि संपादकाची लेखणी दिली गेली. पोट भरा, मग शिका, मग कधीतरी नागरिक व्हा, अशी पायरी-पायरीची भाषा तिथं नव्हती. भाकरी, पुस्तक, खेळ आणि मत हे सगळं एकदमच होतं.

आणि आपल्या अगदी शेजारी, लोहारा तालुक्यातलं हिप्परगा. निजामाच्या राज्यात, 1921 साली, तिथं राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक तिथं आले. पुढे सगळा मराठवाडा त्यांना स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखू लागला. संस्थानात सभा घ्यायला बंदी, खाजगी शाळेला आणि आखाड्यालाही परवानगी लागायची. त्या बंदीच्या हुकमाचं गश्ती निशाण 53 हे नाव जुन्या माणसांना आठवत असेल. अशा राज्यात नागरिक घडवायचा कुठं? तो घडला शाळेत, वाचनालयात, गणेशोत्सवात. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झालं, त्यामागे अशा कितीतरी संध्याकाळी होत्या.

राष्ट्र सेवा दलाचं नाव इथं घ्यायलाच हवं. 4 जून 1941 ला सेवा दलाची नव्यानं उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळची शाखा म्हणजे काय? शिट्टी, झेंडा, खेळ, गाणी आणि मग गोल करून बसून बौद्धिक. सगळ्या जातींची पोरं एका रिंगणात धावायची, एकमेकांचा हात धरून साखळी करायची. ज्या काळी हात लावणंच पाप समजलं जायचं, त्या काळी साखळीच्या खेळात किती मोठी गोष्ट होती! साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे 1947 मध्ये दहा दिवसांचं उपोषण केलं. त्या दौऱ्यात सेवा दलाचं कलापथक त्यांच्यासोबत होतं. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसं त्याच परंपरेतून आली. गिरण्या, छोटे धंदे, साध्या चाळी अशा घरांतून आलेली ही मुलं. त्यांना मंच आधी सेवा दलानं दिला.

भूकंपानंतर हाच धागा पुन्हा आपल्या भागात आला. पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केलं, आई-बाप गमावलेल्या मुलांसाठी. पुढे तिथं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही आली. ज्ञान प्रबोधिनीची माणसं हराळीला आली, माळरानावर शाळा उभी राहिली, मुलं शिकता शिकता झाडं लावू लागली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1,200 मुलांना पुण्याला नेलं, वाघोलीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली. या सभागृहात त्यांतलं कुणी असेल तर आता चाळिशीच्या पुढे गेलं असेल. त्याच मुथ्थांनी 2009 साली बीड जिल्ह्यातल्या 500 शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला. लोकशाहीची मूल्यं मुलांनी पाठ न करता वागण्यातून शिकावीत हा त्याचा गाभा. पुढे तो राज्यभर गेला. भूकंपातल्या मुलांना सांभाळता सांभाळता सुरू झालेली वाट नागरिकशास्त्राच्या तासापर्यंत पोचली.

पण शाळेतला तास आणि शाळेनंतरचा तास यांत एक फरक आहे आणि तो मोठा आहे. शाळेत प्रश्नाचं उत्तर पुस्तकात असतं. ग्रामसभा वर्षातून किती वेळा भरते? लिहा उत्तर, घ्या एक गुण. शाळेबाहेर तोच प्रश्न वेगळा होतो. आपल्या गावची मागची ग्रामसभा भरली होती का? कोण होतं? काय ठरलं? ठरलेलं झालं का? याचं उत्तर पुस्तकात नाही. ते मिळवायला उठून जावं लागतं.

अशी एक संध्याकाळ कशी असू शकते, ते डोळ्यांपुढे आणू. जागा वस्तीतलं समाजमंदिर. पोरं साडेपाचला जमतात. आधी मूठभर फुटाणे-गूळ, कारण दुपारच्या खिचडीनंतर पोटात काही नाही. मग आबाधुबीचा खेळ. दमून झाल्यावर वर्ग घेणारी ताई म्हणते, आज गाव काढायचं. अंगणात फक्कीनं रस्ते आखले जातात. शाळा म्हणजे वीट, नळ म्हणजे लिंबाचं पान, हापसा म्हणजे काडी, दिव्याचा खांब म्हणजे खडा. भराभर पानं पडतात, काड्या पडतात, भांडणं होतात. मग पार टोकाला राहणारी एक पोरगी रेघेच्या बाहेर, चार पावलं लांब, एक खडा ठेवते. पोरं ओरडतात, ‘अगं, गाव इथं संपलं!’ ती म्हणते, ‘आमचं घर तिथं हाय. मग आम्ही कुठल्या गावचे?’

सगळे गप्प होतात. आणि मग मोजायला सुरुवात होते. रेघेच्या आत किती पानं, बाहेर किती? बाहेर एकही नाही. एक काडी आहे, पण तो हापसा गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे. कुणी दुरुस्त करायचा? ग्रामपंचायतीनं की पंचायत समितीनं? कुणालाच माहीत नाही. ताईलाही माहीत नाही. आणि तिनं ‘मला माहीत नाही, उद्या विचारून येऊ’ असं म्हणणं, हाच त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा क्षण.

आता इथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि अशा उपक्रमांचं यशापयश या फाट्यावर ठरतं. पहिली वाट सोपी आहे. नकाशाचा फोटो काढायचा, अहवालात चिकटवायचा, पाहुण्यांपुढे पोरांकडून भाषण करून घ्यायचं, टाळ्या, बिस्किटाचा पुडा. पोरं घरी जातात. हापसा तसाच. अशानं काय शिकवलं आपण? बोलून काही होत नाही, हे शिकवलं. गरिबाच्या पोराला ते आधीच ठाऊक होतं. आपण त्यावर शिक्का मारला.

दुसरी वाट लांबची. मुलांनी अर्ज लिहायचा, दोन प्रतींत. कुणाला लिहायचा ते आधी शोधायचं. कचेरीत जायचं. कारकुनानं आज ये, उद्या ये म्हटलं तर उद्या जायचं. आवक क्रमांक घ्यायचा. तो कागद समाजमंदिराच्या भिंतीवर डकवायचा, त्याखाली तारखा लिहीत जायच्या: अर्ज दिला, आठवण दिली, उत्तर आलं, किंवा आलं नाही. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, 2005 चा कायदा. त्याला वयाची अट नाही, नागरिक असणं पुरे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला त्याचं शुल्कही माफ आहे. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. सातवीतली पोरगी तीस दिवस भिंतीवर मोजते आणि एकतिसाव्या दिवशी ‘उत्तर आलं नाही’ असं आपल्या अक्षरात लिहिते, तेव्हा तिनं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नसलेलं एक प्रकरण वाचलेलं असतं.

आणि हापसा दुरुस्त झाला तर? पहिली घागर त्या टोकाच्या घरातली आई भरेल. ती कुणाला सांगेल की हे कुणामुळं झालं? आपल्याच पोरीचं नाव घेईल. गावात त्या पोरीकडे बघण्याची नजर त्या दिवशी बदलते. पोराला पोच येते ती अशी. कागदावरची पोच हातात पडल्यावर, आणि तिला उत्तर मिळाल्यावर.

मुलांच्या हाती असा कारभार देण्याचा प्रयोग देशात इतरत्र झालेला आहे. राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेजनं रात्रशाळा काढल्या. दिवसा शेरडं वळणारी मुलं रात्री कंदिलाच्या उजेडात शिकायला येत. त्या मुलांची बालसंसद निवडणुकीनं होई आणि तिचे सदस्य शाळेवर देखरेख ठेवत: गुरुजी वेळेवर येतात का, पाणी आहे का, दिवा आहे का. आपल्या शेजारच्या कर्नाटकात कुंदापूर भागात काम करणाऱ्या मुलांच्या पंचायती सुरू झाल्या, आणि पुढे मुलांची ग्रामसभा ही त्या राज्यात सरकारी कामकाजाचा भाग झाली. किल्लारीहून कर्नाटकची हद्द किती लांब आहे? आपल्या पाहुण्यांत निम्मे तिकडचे आहेत. सोयरीक जमते, मग ही गोष्ट यायला काय हरकत आहे? मुलांचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं सांगणारा मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशानं डिसेंबर 1992 मध्येच मान्य केला आहे.

कुणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर, पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. हा नियम गावात किती जणांना ठाऊक आहे? फुटाणे-गूळ, सतरंजी, एक दिवा, ताईचं मानधन, चार खेळांचं साहित्य. यात न बसणारं काय आहे? आणि मुलांनी पहिला प्रश्न याच दहा टक्क्यांबद्दल विचारला तर त्याहून चांगली सुरुवात कोणती?

पण अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी घरं बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. निम्मी पोरं त्यांच्याबरोबर जातात. मग संध्याकाळचा वर्ग कुणाचा? ज्या गावांत हंगामी वसतिगृह चालतं, मुलं आजीजवळ राहतात आणि जेवणाची सोय होते, तिथं हा वर्ग त्याला जोडूनच घ्यावा लागेल. जिथं ते नाही तिथं पहिला अर्ज त्याचाच असू दे.

दुसरी अडचण जागेची, म्हणजे खरं तर जातीची. वर्ग मंदिरात भरवला तर वस्तीतली पोरं बिचकतात. समाजमंदिरात भरवला तर गावातल्या आया पोरांना पाठवत नाहीत. शाळेच्या आवारात घ्यावा तर किल्ली मुख्याध्यापकांकडे. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येकानं आपापल्या गल्लीत घेणं. पण ते सोपं आहे म्हणूनच ते टाळलं पाहिजे. एक आठवडा इथं, एक आठवडा तिथं, असं फिरतं ठेवलं तर निदान पोरांचे पाय एकमेकांच्या अंगणात पडतील. फक्कीच्या नकाशावर रेघ कुठं ओढायची, हा वाद मग सगळ्यांच्या समोर होईल.

तिसरी अडचण मुलींची, आणि यावर जरा जास्त बोलायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी सुमारे बावीस टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि मराठवाड्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. नववीतली मुलगी संध्याकाळी दिसेनाशी होते, मग शाळेत दिसेनाशी होते, मग मांडवात दिसते. गावात बालविवाह थांबवण्याची जबाबदारी कायद्यानं ग्रामसेवकावर आहे. हे पोरींना सांगितलं कुणी? मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा नंबर कुठं लिहिला आहे? संध्याकाळच्या त्या दोन तासांत पाच पोरी रोज एकत्र बसत असतील तर सहावी आली नाही हे पहिल्याच दिवशी कळतं. ती का आली नाही म्हणून तिच्या दारात जाणाऱ्या चार मैत्रिणी, एवढी यंत्रणासुद्धा पुष्कळ काही करू शकते. या पोरी येत राहाव्यात म्हणून वर्ग उजेडात संपला पाहिजे, आणि ताई गावातलीच, बारावी झालेली, घरच्यांच्या ओळखीची पाहिजे. बाहेरून आलेला कार्यकर्ता प्रकल्प संपला की जातो. ताई इथंच राहते. संवाद सहायक टिकल्या, त्याचं एक कारण हेच होतं की त्या त्याच गावच्या होत्या.

आता थोडं मागे दाराशी बसलेल्या तरुणांशी. तुम्हाला नागरिक व्हायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं? गणपतीची वर्गणी तुम्ही गोळा करता, पावती पुस्तक ठेवता, हिशेब मंडळापुढे मांडता. चौदा एप्रिलची मिरवणूक काढता, पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज देता, मांडव, वीज, पाणी, सगळं बघता. यात्रेत हजार माणसांच्या पंगतीला वाढता. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली, तेव्हा टँकरपुढच्या रांगा लावून देणारी पोरं कुणाची होती? गल्लीगल्लीतली तुमच्यासारखीच. म्हणजे अर्ज, परवानगी, वर्गणी, हिशेब, रांग, सगळं येतं. हेच कसब ग्रामसभेच्या दारात आलं की गळून का पडतं? कारण मंडळात काम केलं की मांडव उभा राहिलेला दिसतो, ग्रामसभेत मात्र बोललेलं कुठं जातं ते दिसत नाही. म्हणून भिंतीवरचा तो कागद. बोललेलं कुठवर गेलं, ते त्यावर तारखेनिशी दिसेल.

तेव्हा मंडळाच्या पोरांनी वर्षाचे अकरा दिवस गणपतीला दिले, तसे आठवड्याचे दोन दिवस या लहानग्यांना द्यावेत, एवढीच विनंती. खेळ तुम्हाला येतात. पावती पुस्तक कसं ठेवायचं हे तुम्ही त्यांना शिकवू शकता. कारकुनापुढे उभं राहताना लहान्याच्या मागे एक मोठा उभा असला तर ‘उद्या ये’ जरा कमी ऐकू येतं.

परवा सकाळी आपण सगळे जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी जाऊ. दरवर्षी जातो. तिथून परतताना ग्रामपंचायतीवरून वाट आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस एव्हाना फळ्यावर लागली असेल, कारण ती सात दिवस आधी लावायची असते. पोरांना घेऊन तिथं थांबा आणि ती त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या, पहिल्या विषयापासून शेवटच्यापर्यंत. शेवटचा विषय कुठल्याही गावात ठरलेला असतो: अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय. या खेपेला मुलांचा अर्ज तिथं बसेल. 26 जानेवारीच्या नोटिशीत मात्र त्याला स्वतःचा क्रमांक हवा, आणि त्यासाठी अर्ज डिसेंबरातच दिलेला हवा. दोन प्रतींत.